जांभळी तर्जनी

तपासणी होईपर्यंत प्रत्येक मनुष्य निरोगी असतो. वैद्यकशास्त्रातलं हे मूलभूत सत्य डॉक्टर मंडळी सहसा बोलून दाखवत नाहीत, कारण त्यांनाही पोट आहे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या नागरिकांनी मात्र ते कोणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ अनुभवाने शोधून काढलं. माणूस सकाळी उठतो, चहा पितो, कचेरीत जातो, संध्याकाळी तळ्यावर हवा खाऊन येतो. त्याला काहीही झालेलं नसतं. मग तो डॉक्टरकडे जातो आणि त्याला काहीतरी होतं. यात दोष कोणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

अशा सुजाण वस्तीत कॅन्सरची मोफत तपासणी सुरू करण्याची कल्पना हरिहरपंत उकिडव्यांना सुचली. पंत कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाला समाजाची काळजी करण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यांचे थोरले बंधू तोंडाच्या कॅन्सरने गेले होते (घरात आजही 'दाढेचं निमित्त झालं' असंच सांगतात). पंतांनी 'नौपाडा आरोग्य हितचिंतक मंडळ' स्थापन केलं आणि अध्यक्षपद नाइलाजाने स्वतःकडे घेतलं. मीही सभासद होतो. मंडळाकडे स्वतःची सतरंजी होती, म्हणजे संस्था या नात्याने आमचं निम्मं कार्य झाल्यासारखंच होतं. उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टर लिनो परेरा मिळाले. हे ठाण्यातलेच, मुंबईला इस्पितळात नोकरीला. दर रविवारी फुकट येऊन लोकांची तोंडं तपासायचं त्यांनी कबूल केलं. तंबाखू, मिश्री आणि पान यांवर आमची संस्कृती उभी असल्यामुळे तोंडापासून सुरुवात करावी, असं त्यांचं मत पडलं.

पहिला प्रश्न प्रचाराचा होता. पहिल्या फलकावर आम्ही एक कवटी काढली आणि खाली लिहिलं, 'कॅन्सर मारतो! वेळीच तपासून घ्या!' फलकाचा परिणाम तात्काळ झाला. लोक रस्ता बदलून पलीकडून जाऊ लागले. फलकाशेजारच्या वाण्याचं गिऱ्हाईक आटलं, आणि त्याने हात जोडून ती कवटी दुसऱ्या वाण्याच्या दारात लावायची विनंती केली. जनतेला भय दाखवू नये, असा ठराव मंडळाने केला. दुसऱ्या फलकावरून कवटी काढली, रोगाचं नाव काढलं, एक गुलाबाचं फूल घातलं आणि लिहिलं, 'रविवारी सकाळी अवश्य या. निश्चिंत व्हा.' त्या रविवारी तुफान गर्दी लोटली. काहीजण भजन समजून आले होते, काही दात उपटून घ्यायला आले होते, आणि एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले होते. तोंड उघडायला सांगताच सगळे निश्चिंत होऊन घरी गेले.

तेव्हा पंतांना शाईची युक्ती सुचली. सगळ्या देशाची पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. डाव्या तर्जनीवर शाईची खूण घेऊन लोक आठवडाभर बोट वर करून हिंडत होते (खूण पुसली जाईल म्हणून काहींनी स्नानही आवरतं घेतलं होतं). पंत म्हणाले, माणूस जे मिरवतो ते शेजारी उचलतो. तपासून घेणाऱ्याच्या बोटाला तशीच खूण केली तर नौपाडा रांग लावील. युक्तिवाद बिनतोड होता. एका ओळखीच्या औषधवाल्याने तशीच न जाणारी जांभळी शाई करून दिली आणि ठराव एकमताने पास झाला.

या योजनेत एकच उणीव होती. ती योजना नौपाड्याला लागू करण्यात आली होती.

नौपाडा विचार करणारी वस्ती आहे. तिने विचार केला की तपासायला गेला त्याला काहीतरी वाटलं असणार. वाटलं म्हणजे असणार. त्याअर्थी ज्याचं बोट जांभळं तो रोगी आणि ज्याचं कोरं तो निरोगी. डॉक्टर लिनोंनी ज्यांना ज्यांना ठणठणीत ठरवलं, ते सगळे असे एका रात्रीत रोगी ठरले, आणि ज्यांच्या तोंडात डॉक्टरांनी कधी डोकावलंही नव्हतं त्यांची प्रकृती उत्तम निघाली. एवढ्या कमी खर्चात सार्वजनिक आरोग्य सुधारल्याचं दुसरं उदाहरण निदान मुंबई इलाख्यात तरी नसेल.

माजिवड्याहून भाजीची पाटी घेऊन येणारी सखुबाई शाईच्या पहिल्याच रविवारी तपासून गेली होती. बुधवारी तिने भरलेली पाटी पंतांच्या ओट्यावर आदळली.

"काय वो पंत, मताच्या टायमाला ह्याच बोटाला सगली जना कवतिकाना बघत व्हती. आता वांगी कुनी घेत नाय. इचारतान, सखू, तुला काय झायलंय? अवो, मना काय झायला नाय, म्हनून तं शाय लावली!"

पंतांनी तिची सगळी वांगी घेतली. त्या आठवड्यात मंडळाच्या सर्व सभासदांच्या घरी भरली वांगी होती.

सुशिक्षित वर्गाने यावर तोडगा काढला. तपासून घ्यायचं, आणि बाहेर पडताच बोटाला चिंधी बांधायची. कोणी विचारलं तर 'विळीवर कापलं'. त्या काळात नौपाड्यात विळीवर बोट कापून घेणाऱ्यांची संख्या भयंकर वाढली. त्यात बहुसंख्य पुरुष होते, आणि आपल्या घरात विळी कुठे ठेवतात हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नव्हतं. विवाहाच्या बाजारातही सुधारणा झाली. पूर्वी पत्रिका आणि गोत्र पाहत, आता त्यांच्या जोडीला वधूपित्याची तर्जनी पाहू लागले.

आणि इथे खुद्द पंतांची पंचाईत झाली.

दिवाळीपासून पंतांच्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा आला होता. त्यांनी लोणचं सोडलं, मग मिरचीचा खर्डा सोडला, आणि आपला जिभेवर ताबा कसा आला आहे यावर मला एकदा बराच वेळ ऐकवलं. तंबाखू मात्र चालू होती, कारण ताबा एका वेळी एकाच गोष्टीवर येतो. हे सगळं त्यांच्या मुलीच्या ध्यानात आलं. उत्तरा शाळेत मास्तरीण होती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि तिला जगात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस होतं. त्या माणसाचं तोंड उघडून बघा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"अगं, अध्यक्षच रांगेत उभा राहिला तर लोक काय म्हणतील?" पंत म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. येत्या रविवारी कल्याणचे खांबेटे उत्तराला पाहायला येणार होते. बापाचं बोट जांभळं दिसलं की स्थळ गेलंच.

"तुझं ठरलं की दुसऱ्याच दिवशी जातो."

"आणि नाही ठरलं तर?"

"तर मग पुढचं स्थळ येईपर्यंत थांबायला नको का?"

पंत हे सगळं निव्वळ मायेपोटी करत होते. म्हणून तर त्यांच्याशी भांडणंही जड जात होतं.

रविवारी सकाळी उत्तरा स्वतःच रांगेत उभी राहिली. डॉक्टर लिनोंनी तिचं तोंड पाहिलं, छान आहे म्हणाले आणि शाईची बाटली बाजूला ठेवली.

"तुला आज बघायला येतायत ना गं? शाई पुढच्या रविवारी लावू."

"आजच लावा. दोन बोटांना लावलीत तरी चालेल," उत्तरा म्हणाली. "आणि डॉक्टर, आज संध्याकाळपर्यंत थांबाल? जेवण मी पाठवते."

दुपारी पंढरीनाथ खांबेटे पत्नी आणि मुलासह कल्याणहून आले. त्यांच्या डाव्या तर्जनीला चिंधी होती. "विळीवर," ते म्हणाले. पंतांनी अनुभवी माणसासारखी मान हलवली. मग उत्तरा पोह्यांचं तबक घेऊन आली. तबक तिने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डावी तर्जनी कडेवर अशी ठेवली होती की आंधळ्यालाही दिसावी.

खांबेटेबाई त्या बोटाकडे पाहतच राहिल्या.

"शाळेतली शाई हो," पंत घाईघाईने म्हणाले. "वह्या तपासते ना ती."

"नाही," उत्तरा म्हणाली. "तपासणीचीच आहे. मला काही नाही. ज्यांनी जायला हवं त्यांचं बोट कोरं आहे. दाखवा ना, बाबा."

अख्ख्या नौपाड्यात ज्याचं कोरं बोट आदर्श समजलं जाई, त्या माणसाने तो हात उपरण्याखाली लपवला.

मग पंढरीनाथांनी आपल्या बोटाची चिंधी सोडायला सुरुवात केली. आत बोट जांभळं होतंच, शिवाय सोललेलं होतं.

"चिंचेने घासलं, पायाच्या वजरीने घासलं. जात नाही हो," ते म्हणाले. "कल्याणात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून इथे येऊन तपासून गेलो. घरात हिलाही बोललो नाही."

"अहो!" खांबेटेबाई म्हणाल्या.

"मुलीकडचे काय म्हणतील, असं वाटलं."

यावर नवरामुलगा, जो आतापर्यंत छताकडे पाहत होता, मोठ्याने हसला. उत्तराला तो तिथेच आवडला, असं तिने नंतर सांगितलं.

"मुलगी पसंत आहे," पंढरीनाथ म्हणाले. "पण व्याही तपासलेला हवा."

आता पंतांना कोणतीच अडचण उरली नव्हती. म्हणून त्यांनी नवीन अडचणी काढल्या. शुभकार्य ठरल्यावर असल्या जागी जाऊ नये. आधी लग्न होऊन जाऊ दे. आज अमावास्या आहे. (नव्हती.) उत्तराने खुंटीवरची टोपी काढून वडिलांच्या डोक्यावर ठेवली, त्यांचा हात धरला आणि त्यांना रस्त्यात आणलं. मागून खांबेटे कुटुंब पोहे तसेच टाकून आलं.

मी तपासणीच्या जागी मंडळाच्या सतरंजीवर बसलो होतो. पंत येताना दिसले तेव्हा मला चेष्टा सुचली नाही. एका हाताने ते टोपी सावरत होते आणि दुसरा हात उत्तराने अजून सोडलेला नव्हता.

"पंत, आ करा," डॉक्टर लिनो म्हणाले.

साऱ्या नौपाड्याला तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचं उघडायला फार वेळ लागला. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि चट्ट्याचा एक लहानसा तुकडा काढून मुंबईला पाठवायचा म्हणाले. मग उत्तराने स्वतःच्या हाताने त्यांच्या तर्जनीला शाई लावली. त्या वेळी मात्र ती रडली.

निकाल यथावकाश आला. मला तो ठाऊक आहे, आणि तुम्हालाही तो हवा आहे. पण मी सांगणार नाही. काही निघालं नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, 'बघा, उगाच गेले.' निघालं म्हटलं, तर म्हणाल, 'बघा, गेले म्हणून निघालं.' घरीच बसायचं तुमचं आधीच ठरलेलं आहे, त्याला माझा पुरावा कशाला? मघापासून तुमची जीभ गालाच्या आतून फिरते आहे, तिथे काही लागलं का? जेवताना चावलं असेल. तेच असेल. तुमच्या गालाची माहिती तुमच्यापेक्षा दुसऱ्या कोणाला जास्त असणार?