अप्पांच्या मनगटावरचा पास

नागनाथअप्पा कंडक्टर दिवाळीच्या सुट्टीपासून होळीपर्यंत डाव्या मनगटावर नारिंगी प्लास्टिकचा पट्टा बांधून हिंडत होते. पट्ट्यावर हसणारा हत्ती छापलेला होता. अप्पांचं वय एकसष्ट. अंघोळीला पट्टा, पूजेला पट्टा, तहसीलदारापुढे उभं राहतानाही पट्टा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पास हाय. तुला कावून पायजे चौकशी?"

चौसाळ्यात हायवेला लागून माझा एसटीडी बूथ आहे आणि अप्पांचं घर माझ्या मागच्याच गल्लीत. त्यामुळे त्यांचा विक्षिप्तपणा मला रोज सकाळ-संध्याकाळ घरपोच मिळायचा. तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टरकी केली आणि रिटायर झाल्यावर टिकटिक करणारा पंच खात्यात जमा केला, पण अंगातला कंडक्टर काही जमा केला नाही. लग्नाच्या पंगतीत हा माणूस जेवायला बसायचाच नाही. मधून फिरत ओरडायचा, "पुढं सरका, मधी जागा हाय!" आणि खरंच मध्ये चार माणसं बसायची. निघायचं झालं की "डबल बेल". थांबायचं झालं की "शिंगल". माझ्या बूथवर आलेल्या गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "कुठवर?" तो बिचारा म्हणायचा, पुण्याला लावायचाय. मग त्याला आत सोडायचे. आणि कुणी आगंतुक दिसला की माझ्या कानाशी येऊन, "दत्ता, हा विदाऊट वाटतोय बे."

जगात माणसांचे दोनच प्रकार, तिकीटवाले आणि विदाऊट. विदाऊटशी ते बोलत नसत.

अप्पांच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, गोदाक्का. अप्पांची बायको वारली, मुलगा पुण्यात नोकरीला. आक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती इथलीच झाली. बोलणं मोजकं, काम अफाट.

त्या वर्षी गावात केबल आलं होतं आणि त्यावर मुंबईच्या अलीकडे निघालेल्या एका मोठ्या पार्कची जाहिरात दिवसातून दहा वेळा लागायची. झुले, घसरगुंड्या, बोगद्यातली आगगाडी. गल्लीतल्या पोरांनी जीव खाल्ला. शेवटी मीच पुढाकार घेऊन मिनीबस ठरवली. अप्पांना घेतलं नसतं तर ते बसच्या दारात लोंबकळत आले असते. आक्काला त्यांनीच आणलं. "घरात बसून काय करतीस? चल, डबल बेल."

पार्कच्या गेटवर टोपी घातलेली एक पोरगी उभी होती. ती म्हणाली, "काका, हात पुढे करा."

"तिकीट दे की बाई. हात कशाला?"

"हेच तिकीट. मनगटाला बांधायचं."

झालं! अप्पांनी लाइन अडवली. मागे शंभरेक माणसं, आणि हे पट्टा उन्हात धरून तपासतायत. "ह्याला पंच कुठं मारायचा? मनगटाला? टप्पा कुठं लिव्हलाय? कुठून कुठवर?"

"सगळीकडे, काका. कितीही वेळा बसा."

"कितीबी वेळा? म्हंजे उतरायचं कुठं ते परवाशानंच ठरवायचं? असं केलं तर खातं बुडंल की!"

पोरगी शांत होती. पाण्यात भिजत नाही, खिशातून पडत नाही, दरवेळी रांग लावून नवं काढावं लागत नाही, असे तिने फायदे सांगितले. अप्पांनी विचार केला. "खिसा कापला तरी तिकीट शाबूत. ही एक गोष्ट खात्यानं घेण्यासारखी हाय. पण ह्यानं त्याला दिलं तर?"

"सोडलं की तुटतं. परत चिकटत नाही."

"आन् हात सुजला तर?"

मला वाटलं, या माणसाला उचलून बसमध्ये नेऊन टाकावं. तेवढ्यात पोरगीने वैतागून मागे उभ्या असलेल्या आक्काचा हात धरला. आक्काने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि दोन्ही हात पदराखाली लपवले.

"मला नगं बाई. माझ्या हाताला कायबी बांधत न्हाईत. मी हितंच बाकड्यावर बसते. तुमी जाऊन या."

पट्ट्याशिवाय आत सोडता येत नाही, असं पोरगी म्हणाली. आक्का बाकड्याकडे निघालीसुद्धा. पंचेचाळीस वर्षं त्या हातांत बांगडी नव्हती, साधा दोरासुद्धा नव्हता.

अप्पांनी तिच्याकडे वळून बघितलं. मग एकदम स्वतःचा हात पुढे करून म्हणाले, "बांध." आणि पट्टा बांधून झाल्यावर तिकीट तपासायच्या खास आवाजात ओरडले, "आक्का! शिंगल!"

आक्का थांबली.

"ही बांगडी न्हाई. तिकीट हाय. तीस वर्षांत एक माणूस विदाऊट नेला न्हाई मी, आता सख्ख्या भैनीला नेऊ? हात काढ भाईर."

सरकारी आवाजाला आक्का घाबरली असेल किंवा दुसरं काही असेल, पण तिने हात बाहेर काढला. पोरगीने पट्टा बांधला.

आत काय झालं ते सांगायला नको. पहिल्याच झुल्यात अप्पांना गरगरलं आणि ते बाकड्यावर लिंबू चोखत बसले. आक्का मात्र दर झुल्यावर रांगेत पुढे. पाळण्यावरच्या माणसाला लांबूनच हात वर करून पट्टा दाखवायची आणि बसायची. तिने आगगाडी चार वेळा केली. तिला हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर सगळ्या पोरांनी पट्टे कापले. कात्री घेऊन मी अप्पांकडे गेलो, तर हात पाठीमागे. "हात लावायचा न्हाई. मुदत संपली न्हाई." पुढे चार महिने मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. बूथवर येईल त्याला पट्टा दाखवायचो.

फाल्गुनात अप्पांच्या मुलाचा पुण्याहून निरोप आला, तो द्यायला मी घरी गेलो. आक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. सुपावरच्या, एरवी पदराआड असणाऱ्या हातात नारिंगी पट्टा, हत्ती पार पुसून गेलेला.

"आक्का, अजून ठेवलाय?"

"नागू म्हनला, आपसूक तुटंपर्यंत काढायचा न्हाई, नियम हाय. त्याच्याबी हातात हाय की."

अप्पांनी मला दंडाला धरून गल्लीत आणलं. "तिच्यापुढं कात्रीचं नाव काढशील तर बघ. मी काढला तर तीबी काढंल." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तिच्या बांगड्या फोडल्या तवा मी सोळाचा व्हतो. दारातच हुबा व्हतो. शिंगल मारायला पायजे व्हती. न्हाई मारली."

मला माझीच लाज वाटली. चार महिने मी कशावर हसत होतो!

होळीच्या दुसऱ्या दिवशी अप्पा धापा टाकत बूथवर आले. हातात आक्काचा तुटलेला पट्टा. "दत्ता, लाव फोन. ह्याच्या आतल्या बाजूला नंबर हाय. म्हनावं, पोस्टानं एक धाडा." मी लावला. पलीकडच्या बाईने समजावून सांगितलं की, पट्टा त्या एकाच दिवसापुरता असतो, दुसरा हवा तर माणसाला स्वतः यावं लागतं. मी तसं सांगितलं.

"एकाच दिवसाचा?" अप्पा मटकन स्टुलावर बसले. "म्हंजे चार महिने आमी दोगं विदाऊट फिरलो?"

आता आक्काला काय सांगायचं, या चिंतेत आम्ही दोघे घरी निघालो. दारात मुनीरचाचाची बांगड्यांची पेटी उघडी होती. मुनीरचाचा वर्षानुवर्षं या दारावरून न थांबता जायचे. आज आक्का उंबऱ्यात बसून त्यांच्यापुढे हात धरून होती. मनगटात निळ्या काचेच्या दोन बांगड्या, तिसरी चढत होती.

आम्हाला बघून ती लाजली, पण हात मागे घेतला नाही. "हात मोकळा मोकळा लागाया लागला, नागू. सवय झालती न्हवं."

मुनीरचाचांनी चौथी चढवली आणि विचारलं, "बस क्या, आक्का?"

आक्काने भावाकडे बघितलं. अप्पांनी घसा खाकरला. पंगतीत काढायचे तोच कंडक्टरचा आवाज काढला.

"भरा अजून, चाचा. मधी जागा हाय."