सबनीसांच्या तंबूचं दार

नेदरलँड्समधल्या आमच्या नायमेखन गावच्या गल्लीत पाहुण्याला मिठाचा चहा पाजणारा एकच माणूस आहे, आणि तो चिपच्या कंपनीत इंजिनियर आहे. साखर मागितली तर सबनीस डोळे मिटून म्हणतात, "स्टेपवर साखर नसते."

गंमत अशी, की स्टेपवर, म्हणजे मंगोलियाच्या गवताळ माळरानावर, ते जन्मात एकदाच गेलेत, तेही हमाल म्हणून. त्यांची बायको, वसुधावहिनी, लोकरीची शिल्पं करतात. त्या उघड्या माळरानावर देशोदेशीच्या कलावंतांचा कॅम्प भरतो. माळावर सापडेल त्यातून कलाकृती करायची आणि निघताना ती वाऱ्याच्या हवाली करायची. वहिनींना तिथलं बोलावणं आलं आणि सामान उचलायला सबनीस सोबत गेले. वहिनी शिल्पं करून परतल्या, सबनीस मंगोल होऊन परतले.

पुढच्या उन्हाळ्याचा कॅम्प कोरोनाने रद्द झाला. वहिनी थोड्या दिवसांसाठी आईकडे पुण्याला गेल्या होत्या, त्या विमानं बंद पडल्यामुळे तिकडेच अडकल्या. सबनीसांनी जाहीर केलं, "कॅम्प रद्द नाही. फक्त जागा बदलली." घरामागच्या टीचभर बागेत त्यांनी लाकडी पट्ट्या आणि घोंगड्यांचा गोल तंबू ठोकला. दिवसभर आत बसून ऑफिसचे कॉल, संध्याकाळी कला. कला म्हणजे माझ्या बागेतले दगड उचलून त्यांच्या बागेत रचणं.

शेजारच्या डच आजींनी कुंपणावरून विचारलं, "इथे कोरोनाची टेस्ट करतात का?" सबनीसांनी दीड मीटर अंतर राखून त्यांना चहा दिला. आजींनी पुन्हा काही विचारलं नाही.

नियमांचा जाच तर सांगूच नये. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही आणि दार दक्षिणेलाच हवं, कारण मंगोलियात तसंच असतं. होकायंत्र घेऊन त्यांनी तंबू पुन्हा पुन्हा बांधला. दक्षिणेला त्यांच्याच स्वयंपाकघराची भिंत, त्यामुळे आत शिरायला खेकड्यासारखं आडवं सरकावं लागे. वहिनींचं नाव काढलं की मात्र ते उठून दगड रचू लागत. स्वारीला एकटेपण मानवलेलं दिसतंय, असं मी घरी म्हणालोसुद्धा.

मग एका सकाळी पाहतो तर तंबूचं दार उत्तरेला. मला आयतीच संधी मिळाली. "काय सबनीस, मंगोलिया फिरला की काय?"

"वसुधाला तिकीट मिळालंय," ते म्हणाले. "ती नेहमी मागच्या फाटकाने येते. आल्या आल्या समोर दार नको का?"

"आणि स्टेपचा नियम?"

"स्टेप थांबेल हो."

पुढच्याच आठवड्यात ते विमान रद्द झालं. त्यानंतरचंही. आता दार परत दक्षिणेला जाणार, असं मला वाटलं. ते गेलं नाही.

एका संध्याकाळी मी डोकावलो. उत्तरेचा वारा थेट आत घुसत होता आणि सबनीस मफलर गुंडाळून फाटकाकडे तोंड करून बसले होते. त्यांनी कप पुढे केला. मी मन घट्ट करून घोट घेतला. चहात चक्क आलं होतं आणि बेताची साखर.

"नीट झालाय का? खरं सांगा," त्यांनी विचारलं. "तिला असाच लागतो. आजवर तीच करायची, मी कधी शिकलोच नाही."

आलं जरा जास्त झालं होतं. मी आणखी एक कप मागितला.