पाव मैल आणि एक उबदार गॅरेज

मोटार हे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचं साधन आहे, असा समज मुख्यतः ज्यांच्याकडे चांगली मोटार नाही त्यांच्यात आढळतो. ज्यांच्याकडे ती आहे ते असली जोखीम पत्करत नाहीत. मोटार जितकी उत्तम, तितकी ती घरी असते. आमच्या कौंटीतली सर्वांत वेगवान मोटार गेल्या तीन वर्षांत फक्त एकदा हलली, आणि तीही खालची फरशी पुसायची होती म्हणून.

माझा नवरा वेंडेल याच्याकडे एकोणीसशे सत्तर सालची मसल कार आहे. रंग नारिंगी, बॉनेटवर दोन काळे पट्टे. या जातीच्या गाड्यांची रचना सोपी असते. मधल्या आकाराच्या कौटुंबिक गाडीत मालवाहू ट्रकला पुरेल एवढं इंजिन बसवायचं आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच राहू द्यायचे. (ब्रेक हे त्या काळी सल्लागार स्वरूपाचे असत.) तेल गळतं. गळायचं थांबलं तर गाडी दुरुस्त झाली असं समजू नये, तेल संपलं असं समजावं.

आमचा मुलगा क्रेग याने गेल्या वर्षी कारखान्यातूनच शर्यतीसाठी बांधून आलेली नवी ड्रॅग कार घेतली. आत लोखंडी पिंजरा आहे, मागे थांबण्यासाठी पॅराशूट आहे, आणि मागची सीट नाही. ही गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याने बंदी आहे. सोबतच्या पुस्तिकेत असंही म्हटलं आहे की गाडी ज्या कामासाठी बनवली आहे त्या कामासाठी वापरल्यास हमी संपते. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. लग्नाच्या वेळी कुणी इतकं स्पष्ट सांगत नाही.

दोन्हींत श्रेष्ठ कोण, यावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चर्चा होत असे. तिचा सारांश असा:

"डॅड, तुझी गाडी वळतच नाही."

"तुझी वळते?"

"तिला वळायची गरजच नाही. ती सरळ जाते."

"कुठे जाते? तुझ्या गाडीला नंबरप्लेटसुद्धा नाही. ती म्हणजे महागडा फ्रीज आहे."

"निदान फ्रीज गळत तरी नाही."

यानंतर मी बटाट्याचं सॅलड पुढे करत असे, आणि चर्चा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होत असे.

मला स्वतःला या विषयात मत नाही, फक्त आठवण आहे. आमचं लग्न झालं तेव्हा ती नारिंगी गाडी ही आमची एकमेव गाडी होती. शनिवारी तिच्यातूनच ट्रॅकवर जायचं, तिथे सायलेन्सर काढून तिच्यातच शर्यत करायची, सायलेन्सर परत लावायचा आणि (काही मोडलं नसेल तर) तिच्यातूनच घरी यायचं. रविवारी तिच्यातूनच चर्चला. क्रेगच्या वेळी मला दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. वेंडेलने वाटेत दोन लाल दिवे पाळले नाहीत, तिसरा पाळला, कारण तिथे शेजारच्या लेनमध्ये त्याच्याच तोडीची एक निळी गाडी उभी होती. मागच्या सीटवर दुधाचे, आइस्क्रीमचे आणि क्रेगचे डाग होते. आता ती सीट अस्सल नव्या कापडाने मढवली आहे आणि तिच्यावर बसायला बंदी आहे.

आज दोन्ही गाड्या ट्रॅकवर जातात त्या ट्रेलरवर चढून. ट्रेलर ओढणारा ट्रक त्या गाड्यांपेक्षा मोठा आणि आरामशीर असतो, त्यात रेडिओ चालतो, हीटर चालतो. तिथे पोचल्यावर गाडी उतरवतात, मऊ फडक्याने पुसतात, तिच्या मागे घडीची खुर्ची टाकतात आणि तिच्याकडे पाठ करून संध्याकाळपर्यंत बसतात. मी स्वतः केलेल्या पाहणीनुसार (नमुना: खुर्च्यांची एक रांग) दहापैकी सात जणांनी यंदा गाडीपेक्षा खुर्चीवर जास्त खर्च केला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तो गॅरेजचा आहे.

आमच्या गॅरेजात एकच गाडी मावते आणि त्यात हीटर आहे. क्रेगच्या गॅरेजात तीन गाड्या मावतात, त्यामुळे तिथे सामान आहे. नारिंगी गाडी गॅरेजात हिवाळा काढते. मी किराणा आणते ती करडी मिनिव्हॅन बाहेर, मेपलच्या झाडाखाली असते. ओहायोच्या हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो. हे काम मी लग्नानंतर दुसरी गाडी घेतली त्या वर्षापासून करत आले आहे. माझा उजवा खांदा हवामान खात्याच्या आधी बर्फ ओळखतो. गेल्या हिवाळ्यानंतर डॉक्टरांनी खरवडायला मनाई केली. मी ते जेवताना सांगितलं. दोघांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि मला लांब दांड्याची खरवडणी आणून दिली.

मग ऑगस्टात क्रेग म्हणाला, "डॅड, माझ्या गाडीला ओल चालत नाही. या हिवाळ्यात ती तुमच्या गॅरेजात ठेवू."

वेंडेलने काटा खाली ठेवला. "जिंकून घे."

असा करार झाला. कौंटीच्या शर्यतींच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खासगी भांडणं मिटवायला ट्रॅक मोकळा ठेवतात. तिथे घरातली जी गाडी जिंकेल ती गॅरेजात, बाकीच्या बाहेर. "घरातली जी गाडी" हे शब्द वेंडेलचेच. मी फक्त ते लक्षात ठेवले आणि नाव नोंदवलं.

"मॉम, ही काय चेष्टा आहे?" क्रेग म्हणाला.

"व्हॅन घरातलीच आहे ना?"

"अगं आर्डिस, तिच्यात मागे बटाट्याचं सॅलड आहे!" वेंडेल म्हणाला.

"झाकण घट्ट आहे."

ज्यांना आमच्या शर्यतीची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाने आपली गाडी सरळ पाव मैल किती सेकंदांत कापेल ते आधीच पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर लिहायचं. ज्याचा आकडा मोठा त्याला फरकाइतके सेकंद आधी सोडतात. मग पलीकडच्या टोकाला जो आधी पोचेल तो जिंकला. लिहिलेल्यापेक्षा लवकर पोचलात तर मात्र बाद. म्हणजे इथे स्वतःला कमी लेखणाऱ्यालाच शिक्षा आहे. बढाई मारणाऱ्याला वेगळी शिक्षा ठेवलेली नाही, कारण तो हरतोच. संपूर्ण प्रजासत्ताकात इतका न्याय्य कायदा दुसरा नाही, आणि तो फक्त पाव मैल लागू आहे.

आकडा नीट लिहिता यावा म्हणून सकाळी प्रत्येकाला सरावाच्या दोन फेऱ्या देतात. वेंडेलने त्या घेतल्या नाहीत, इंजिन जपायला. क्रेगने घेतल्या नाहीत, टायर जपायला. (नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. क्रेगच्या टायरचे केस शाबूत होते, हा त्याच्या अभिमानाचा विषय होता.) मी दोन्ही घेतल्या, कारण त्या फीमध्येच होत्या. दोन्ही वेळा व्हॅनला एकोणीस सेकंद आणि वर थोडं लागलं. मी काचेवर एकोणीस लिहिलं.

क्रेगने साडेआठ लिहिलं. हा आकडा पुस्तिकेत होता.

वेंडेलने साडेबारा लिहिलं. हा आकडा एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यातला होता.

एका वेळी दोनच गाड्या धावतात आणि आमच्या तीन, म्हणून चिठ्ठी टाकली, आणि मला पहिली फेरी न खेळता पुढची मिळाली. बापलेक समोरासमोर आले. माइकवर मर्ल होता. मर्ल हा वेंडेलचा शाळूसोबती. तटस्थपणाबद्दल तो प्रसिद्ध आहे, म्हणजे तो सगळ्यांचीच टिंगल करतो.

"डाव्या लेनमध्ये वेंडेल! काचेवर साडेबारा लिहिलंय. वेंडेल, ही वेळ आहे की तुझा बुटाचा नंबर?"

वेंडेल चार सेकंद आधी सुटला. जमीन हलली, तेलाचा वास आला, आणि माझ्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मग क्रेग सुटला. त्याच्या गाडीची पुढची चाकं वीतभर वर उचलली गेली. ती पुस्तिकेतल्या फोटोतही उचललेली आहेत, पण फोटोत आत क्रेग नव्हता. त्याने घाबरून पाय काढला, चाकं खाली आली, मग त्याने पुन्हा पाय दिला, विचार करून. साडेआठच्या गाडीने पावणेअकरा घेतले. वेंडेलच्या गाडीने चौदाच्या वर. दोघेही स्वतःच्या शब्दाला जागले नाहीत, पण वेंडेल कमी खोटा ठरला आणि अर्ध्या सेकंदाने जिंकला.

दोन फेऱ्यांच्या मध्ये आकडा पुसून नवा लिहिता येतो. मी चिंधी आणि पॉलिश घेऊन नारिंगी गाडीकडे गेले.

"सव्वाचौदा लिही," मी म्हणाले. "तेवढीच धावतेय ती आता."

"ही सव्वाचौदाची गाडी नाही, आर्डिस."

"आत्ताच धावली की."

"आज वारा समोरून आहे." त्याने झेंड्याकडे बघितलं. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. मग तो हळूच म्हणाला, "सव्वाचौदा लिहिलं तर सगळे वाचतील गं."

मी चिंधी परत आणली. काही आकडे बायकोने पुसायचे नसतात.

त्यामुळे मला साडेसहा सेकंद आधी सोडलं. साडेसहा सेकंद म्हणजे किती ते सांगते: मी निघाले, पट्टा नीट बसलाय का ते बघितलं, सॅलडचा डबा एकदा घरंगळला तो ऐकला, आणि मग मागून तो आवाज सुरू झाला. तो आवाज मी विसाव्या वर्षी ऐकला होता आणि त्याच्याशीच लग्न केलं होतं. तो जवळ येत गेला, फार सुंदर, आणि मी पलीकडे पोचले तरी मागेच होता.

"मिनिव्हॅन!" मर्ल ओरडला. "मंडळी, मिनिव्हॅन! वेंडेल, घरी जाऊ नकोस, माझ्याकडे सोफा आहे!"

करार पाळला गेला. पहिल्या बर्फाआधी वेंडेलने स्वतः व्हॅन गॅरेजात लावली, खाली गालिचाचा तुकडा अंथरला आणि हीटर सुरू केला. नारिंगी गाडी मेपलखाली गेली. क्रेगची गाडी तिच्या शेजारी, दोन ताडपत्र्यांखाली. बर्फ दोघींवर सारखाच पडला, आणि श्रेष्ठ कोण हा वाद मिटला, कारण आता त्या ओळखू येत नाहीत.

मी समाधानी आहे. व्हॅन चोवीस वर्षांत इतकी स्वच्छ कधीच नव्हती. डिसेंबरात मी तिला बाहेर काढणार होते, पण रस्त्यावर मीठ टाकलं होतं, आणि मीठ पत्रा खातं. जानेवारीत मीठ नव्हतं, चिखल होता. सध्या मी किराणा आणायला वेंडेलच्या ट्रकमधून जाते. काच तोच खरवडतो. व्हॅनसाठी मी एक मऊ फडकं घेतलं आहे आणि, खांद्याला बरं पडतं म्हणून, घडीची एक खुर्ची.

तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त हातातला कप आधी खाली ठेवा. तोच, कान तुटलेला. चांगला सेट कपाटात आहे, मला ठाऊक आहे. त्याच्या तोलाची माणसं यायची आहेत अजून.