सदर शब्दाची चौकशी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आवक-जावक कारकुनांचे बोट टेबलाच्या खणात चेमटले आणि त्यांच्या तोंडून एक शब्द गेला. नेमके त्याच क्षणी साहेब दारातून आत आले.

कारकून बावीस वर्षे एकाच खुर्चीवर. अडलेल्या खणात त्यांच्या बढतीचा आदेश होता. तो घेऊन तीस तारखेपर्यंत मुख्यालयात हजर व्हायचे, नाहीतर बढती पुढच्या माणसाला. त्यासाठीच ते खण ओढत होते.

साहेबांनी दुपारी लेखी तक्रार केली. कार्यालयीन कागदावर अपशब्द लिहिण्यास मनाई असल्याने तीत सर्वत्र ‘सदर शब्द’ असे लिहिले. खणाला पुरावा म्हणून लाखेचे सील लागले. शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला हे ठरवण्यासाठी तिघांची समिती बसली. अर्थ ठरेपर्यंत सील निघणार नव्हते.

“तो मी खणाला म्हणालो, बाई,” कारकुनांनी अध्यक्षबाईंना सांगितले. “साहेब मध्ये आले.”

“खणाला आई-बहीण असते का?”

“बोट चेमटल्यावर तेवढी चौकशी होत नाही.”

साक्षी सुरू झाल्या. शिपाई म्हणाला, जुना मित्र भेटला की तो हाच शब्द म्हणून मिठी मारतो. नावाने हाक मारली तर मित्राला वाटते, काहीतरी बिनसलेय. नळाच्या मिस्त्रीने सांगितले, गंजलेला नट सुटेपर्यंत हाच शब्द आणि सुटल्यावरही हाच. टंकलेखक बाई म्हणाल्या, “परवा नात माझ्या भाजीला तेच म्हणाली. कौतुक होतं म्हणे. मी आणखी वाढली.” गुरुवारपर्यंत चौदा अर्थ नोंदले गेले. चौदावा साहेबांच्या ड्रायव्हरचा होता: तो शब्द स्वल्पविरामासारखा वापरतो.

शुक्रवारी आवारात गाडी लावण्यावरून दोघांची जुंपली. “बाजूला घे रे, सदर शब्दा,” एक जण ओरडला. साहेब खिडकीत होते. सोमवारी परिपत्रक निघाले: ‘सदर’ हा शब्द यापुढे कोणत्याही पत्रात येता कामा नये. कार्यालयातले प्रत्येक पत्र ‘सदर अर्जाच्या अनुषंगाने’ असेच सुरू होत असल्याने जावक बंद पडली. पाठोपाठ दुरुस्तीचे आदेश थांबले, मग पूर्वेकडच्या वस्तीचे पाणी. तिसऱ्या दिवशी तिथले नागरिक फाटकाशी जमून मूळ शब्द एका सुरात म्हणाले. समितीने खिडकीतून ऐकून नोंद केली: अर्थ पहिला, म्हणजे शिवी, निःसंदिग्ध.

“खण फोडा नि कागद काढा,” कारकुनांची बायको म्हणाली.

“पुराव्याशी छेडछाड होईल.”

“मग साहेबांची माफी मागा. जीभ काय झिजते का?”

“गेलो होतो. म्हणाले, कशाबद्दल माफी मागताय ते स्पष्ट तोंडाने सांगा.”

“मग सांगायचं.”

“शेजारी समितीचा सदस्य वही उघडून बसला होता.”

बायकोने पंधरावा अर्थ वापरला. तो साहेबांसाठी होता.

पंचवीस तारखेला समितीने जाहीर सूचना दिली. हा शब्द बोट चेमटल्यावर कोणालाही न उद्देशता तोंडून जातो, असे एका तरी प्रतिष्ठित नागरिकाने स्वानुभवावरून लिहून दिल्यास कारकून निर्दोष ठरतील आणि खण उघडेल. एकशे सहा उत्तरे आली. एकशे सहाही जणांनी असा शब्द आयुष्यात ऐकलेला नाही असे कळवले. त्यांपैकी चाळीस जणांनी शेजाऱ्याचा पत्ता दिला.

आज एकोणतीस तारीख. दुपारी चार वाजता हे लिहीत असताना सील जागेवर आहे आणि कारकून जिन्यालगतच्या बाकावर बसून आहेत. वरील मजकुरात तो शब्द कुठेही छापलेला नाही. तरीही ज्यांना तो पहिल्या परिच्छेदापासून स्वच्छ ऐकू येतो आहे, त्यांच्यासाठी समितीची खोली उद्या पाचपर्यंत उघडी आहे. ओळखपत्र आणावे.

अद्याप कोणी आलेले नाही.