अण्णा हजर आहेत

रंगाच्या दुकानातल्या हिशेबनिसाने मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "दारात विहीर असताना पाणी विकत कशाला घ्यायचं?" हिशेबाच्या विकतच्या सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे मोजावे लागत. हे नवं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं, फुकट होतं आणि कुठूनही उघडत होतं. चार दिवसांत सगळी खाती आणून दाखवतो म्हणाला. मालक म्हणाले, "जमलं तर अण्णांची खुर्ची तुझी."

ती खुर्ची वर्षभर रिकामी होती. जुने हिशेबनीस अण्णा तीस वर्षं तिच्यावर बसले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेला आपला हा गडी अजून शेजारच्या स्टुलावरच होता. आता खुर्ची हातात आल्यासारखीच! खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आली, जुन्या यादीतली माणसंही आली, आणि एक बटण दाबून त्याने सगळ्यांना सामील व्हायची आमंत्रणंही धाडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. तो एकटाच डबा खात संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. नावांच्या यादीत एक हिरवा ठिपका उगवला. 'अण्णा. हजर आहेत.'

खाली त्याच्या कालच्या नोंदीवर शेरा आला होता: 'थिनर ब्रशच्या खात्यात कसा? पुन्हा बघणे.' 'पुन्हा बघणे' हे अण्णांचंच. त्यातून शेरा बरोबर निघाला, म्हणून तो जास्तच गारठला.

तीन दिवस हेच चाललं. दुपार झाली की ठिपका उगवायचा, चूक सापडायची. त्या खुर्चीकडे पाठ करायची त्याची हिंमत होईना. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, भुताला पगार लागत नाही, असू दे.

चौथ्या दुपारी त्याने देवाचं नाव घेऊन लिहिलं, 'आपण कोण?'

उत्तर आलं: 'आधी पाठ ताठ कर.'

अण्णा दिवसातून दहा वेळा हेच म्हणायचे. आणि तो खरंच वाकून बसला होता. डबा तसाच टाकून तो मालकांच्या खोलीत पळाला. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेवढ्यात दार उघडलं. मागच्याच गल्लीत राहणाऱ्या अण्णांच्या पत्नी आत आल्या, हातात अण्णांचा फोन.

"यांच्या फोनवर निरोप आला, 'स्वागत आहे, कामाला सुरुवात करा.' म्हटलं, दुकान अडलं असेल," काकू म्हणाल्या. "आज हा विचारतो, आपण कोण? म्हणून समक्षच आले."

"पण काकू, माझी पाठ?"

"हे रोज जेवताना सांगायचे, पोरगा फार वाकून बसतो."

हिशेब कुठे शिकलात, असं मालकांनी विचारलं. काकूंना हसू आलं. तीस वर्षं वह्या संध्याकाळी घरी यायच्या. अण्णा जेवून झोपायचे, बेरजा काकू करायच्या.

मालकांनी बाहेर जाऊन स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली. काकू बसल्या, चष्मा लावला. हिशेबनीस मुकाट्याने स्टुलावर टेकला.

"पाठ," काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.