काखेतल्या अवयवाबाबत परिपत्रक

उरुग्वे नदीकाठच्या त्या गावात नगरपालिकेने नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या कचेरीच्या दारात टेराहर्ट्झ रडार बसवले. तोवर त्या दारातून लपवून आत गेलेली एकमेव वस्तू म्हणजे एक भाजलेली कोंबडी, आणि तीही नगराध्यक्षांच्याच वाढदिवसाची. तरीही रडार आले. ते अंगाला हात न लावता कपड्यांच्या आरपार पाहत असे आणि लपवलेली वस्तू पडद्यावर काळी दाखवत असे.

पहिल्याच दिवशी सगळे गाव काळे निघाले. तिथला माणूस डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मॉस दाबल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. येर्बा नावाच्या पानांवर ते पाणी ओतून केलेला कडू काढा दिवसभर चालूच असतो. रडारला स्टीलच्या आतले दिसेना. थर्मॉस बाहेर ठेवण्याची सूचना निघाली, तर कर्मचारीच बाहेर थांबले. अखेर पालिकेच्या सुरक्षा समितीने परिपत्रक काढले : डाव्या काखेतील दंडगोलाकार काळा भाग हा नागरिकाचा नैसर्गिक अवयव समजण्यात यावा. यंत्राला तसे शिकवण्यात आले. यंत्र शिकले.

गुरुवारी सव्वाअकराला मिर्ता दारात आली. तिचे वडील आदल्या दुपारी गेले होते आणि आज तीन वाजता दफन होते. दफनभूमीच्या भिंतीतला आईशेजारचा कोनाडा उघडण्याचा परवाना बारापर्यंत मिळाला नाही, तर त्यांना पालिकेच्या सार्वजनिक जमिनीत अनोळखी लोकांत ठेवावे लागणार होते. घरात पाणी तापवायचे काम वडिलांचे असे. त्या सकाळी ते कोणी केले नव्हते.

पडदा लाल झाला.

"तुझा अवयव कुठंय?" पहारेकरी रुबेनने विचारले.

"कुठला?"

"डाव्या काखेतला."

"थर्मॉस होय? नाही आणला. माझ्याजवळ काहीच नाही, रुबेन. आपण एका वर्गात होतो."

"मी ओळखतो गं. यंत्र कुठं आपल्या वर्गात होतं? जे सगळ्यांना आहे ते तुला नाही, एवढंच त्याला कळतं. काढून घेतला असशील तर डॉक्टरचा दाखला दाखव."

तिने जवळचा एकुलता एक दाखला पुढे केला. रुबेनने टोपी काढली, तो वाचला, टोपी पुन्हा घातली.

"वाईट झालं. पण हा त्यांचा आहे."

मागे एल्बिओकाका उभे होते. तिच्या वडिलांबरोबर ते चाळीस वर्षे दर रविवारी पत्ते खेळले होते. आज ते हयातीचा दाखला द्यायला आले होते. मुदतीचा शेवटचा दिवस होता.

"घे पोरी, माझा घे," ते म्हणाले. "आत गेलीस की मी आलोच मागनं."

मिर्ताने थर्मॉस काखेत धरला. पडदा हिरवा झाला. थर्मॉसमध्ये काय आहे, हे कोणी पाहिले नाही. अवयव उघडून पाहण्याची पद्धत नसते.

मग एल्बिओकाका यंत्रासमोर उभे राहिले आणि पडदा लाल झाला.

दार एकाच दिशेने उघडणारे होते. थर्मॉस परत द्यायचा तर बाहेर जाऊन रांगेत पहिल्यापासून लागायचे. आत परवान्याच्या खिडकीशी मिर्ताच्या पुढे अजून दोन माणसे होती. ती हलली नाही. एल्बिओकाका बाहेरून बोटाच्या पेराने दाराची काच वाजवत होते.

खिडकीतली बाई दुसऱ्या गावाहून बदलून आलेली होती. तिने अर्ज वाचला. "आईशेजारीच ना?"

"हो."

शिक्का वर गेला आणि तिथेच थांबला. "तो म्हातारा इकडे बघून काच का वाजवतोय? तुमच्या ओळखीचा आहे का? असेल तर तुमचीही तपासणी पुन्हा करावी लागेल. नियम आहे."

मिर्ताने वळून पाहिले. एल्बिओकाकांना भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. त्यांचे दोन्ही हात वर होते, काखा रिकाम्या.

"नाही," ती म्हणाली आणि थर्मॉस जरा घट्ट धरला. "असेल काहीतरी. उगाच कोणी असं मोकळ्या काखेनं येतं का?"

शिक्का उमटला. मागच्या रांगेला तिचे म्हणणे पटले. बाराला चार मिनिटे उरली असताना तुम्हालाही पटले असते.