आठ ग्रॅमचा संशय

मेव्हणा आपणहून सल्ला देतो तेव्हा समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे. "दाजी, सायकलला हलके क्लिपलेस पेडल लावा," असे वेंडेल म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. (आली होती. पण मोह!) आमच्या विस्कॉन्सिनच्या क्लबच्या शर्यतीत गेली सात वर्षे मी शेवटचा आणि तो माझ्या बरोब्बर पुढे. यंदा त्याला हरवायचेच होते.

क्लिपलेस म्हणजे बिनक्लिपचे, असे नाव सांगते. प्रत्यक्षात बुटाच्या तळाची पट्टी पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेर वळवली तरच सुटते. ज्याचे नावच खोटे, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी पेडल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. खोक्यावर लिहिल्यापेक्षा आठ ग्रॅम जास्त!

"फसवलं मला!" मी बायकोला म्हणालो.

"आधी काटा पूस. मफिनचं पीठ सांडलंय त्यावर," लोर्ना म्हणाली.

(बायकोही भावाच्या बाजूची.) मी गुपचूप आठ ग्रॅम वसूल केले. बुटाच्या प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू होते. तीन कशाला हवेत? एकेक ठेवला आणि चार काढले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये पाहतो तर वेंडेल माझ्या पेडलपाशी, हातात पाना.

"काय चाललंय?"

"काही नाही दाजी, सहज."

सहज! चोराच्या मनात चांदणे.

तरीही दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर मी वेंडेलच्या पुढे होतो. सात वर्षांत पहिल्यांदाच! आनंदाने डोळे भरून आले. लोर्ना कडेला उभी राहून मला जोर यावा म्हणून गायीच्या गळ्यातली घंटा बडवत होती. आणि अंतिम रेषा पन्नास पावलांवर असताना चेन उतरली. पाय टेकून सायकल ढकलत नेली असती तरी त्याला हरवले असते. टाच वळवली. वळली, पण पाय सुटेना. सगळ्यांना नीट पाहता यावे इतक्या सावकाश मी आडवा झालो.

"यानं माझ्या पेडलची पकड आवळली!" मी पडल्या पडल्या ओरडलो.

वेंडेल बिचारा रेषेअलीकडेच थांबला. "आवळली नाही, सैल केली. ताई म्हणाली, तुम्ही रोज सिग्नलला पडता." मग त्याने माझा बूट निरखला. "दाजी, एकाच स्क्रूवर पट्टी गरगर फिरतेय, पाय सुटणार कसा? बाकीचे कुठे गेले?"

लोर्नाने मला धरून उठवले, तसा माझा मागचा खिसा वाजला.

"हे काय खुळखुळतंय?" म्हणत तिने हात घातला.

चारही स्क्रू निघाले. हरवू नयेत म्हणून मीच ठेवले होते.